खलिलझाद, आमचा दादा आणि दीड फुटाचा बांध

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये चार वर्षं तीन अफगाण पोरं भाड्याने राहत होती. पुण्यात यात नवल काही नाही, कोंढवा-कॅम्प भागात तेव्हा ढिगाने अफगाण विद्यार्थी होते, पण आमच्या सोसायटीत सुरुवातीला कुजबुज झालीच. मीटिंगमध्ये एका काकांनी चक्क पानिपत काढलं (मस्करी नाही, खरंच काढलं, अब्दाली, विश्वासराव, सगळं), आणि मग सहा महिन्यांत त्याच काकांच्या घरी वायफायचा राउटर बघायला ही पोरं जायला लागली आणि काका त्यांना बळेबळे चिवडा खायला घालायला लागले. त्यातला एक मजार-ए-शरीफचा. नाव लिहीत नाही, मजारचा पोरगाच म्हणूया. मराठीत त्याला दोनच शब्द नीट यायचे, 'ताई' आणि 'बास', बाकी सगळं हिंदी, तेही सिनेमातलं. आमच्या आईने होळीला पुरणपोळी पाठवली की ईदला तिकडून गाजर-मनुका घातलेला पुलाव यायचा, आईसाठी बिनमटणाचा वेगळा डबा, वर चिठ्ठी चिकटवलेली.

तर २९ फेब्रुवारी २०२०. शनिवार होता. त्यांचं नेट बंद पडलं होतं म्हणून हा वर आला, म्हणाला ताई जरा टीव्ही लावू का. दोहाहून लाइव्ह चालू होतं, शेरेटन हॉटेलातून. दोन माणसं शेजारी शेजारी बसून सह्या करत होती, एक पगडीवाला, एक सूट-टायवाला. पोरगा बोट दाखवून म्हणाला, "ताई, ये हमारे मजार का है." मला वाटलं पगडीवाला. तर नाही, तो म्हणे मुल्ला बरादर, तो तिकडे दक्षिणेकडचा. मजारचा म्हणजे सूटवाला. अमेरिकेच्या बाजूने सही करणारा. त्याच्या आवाजात अभिमान होता की शिवी होती हे मला आजही सांगता येणार नाही, आणि मला वाटतं त्यालाही नसतं आलं.

त्या रात्री मी सूटवाल्याला गुगल केलं आणि तेव्हापासून हा नाद लागलाय. ही पोस्ट कितीतरी महिने ड्राफ्टमध्ये पडून आहे.

झल्मे खलिलझाद. जन्म १९५१, मजार-ए-शरीफ. पुढे काबूलला शिक्षण, मग शाळेत असतानाच स्टुडंट एक्स्चेंजवर कॅलिफोर्नियात, सेरेस नावाच्या छोट्याशा शेतीवाल्या गावात. मग बेरूतचं अमेरिकन विद्यापीठ, मग शिकागोला पीएचडी, ती झाली १९७९ ला, म्हणजे ज्या वर्षाच्या शेवटी रशियन रणगाडे अफगाणिस्तानात घुसले त्याच वर्षी. कोलंबिया विद्यापीठात शिकवलं. १९८४ ला अमेरिकेचं नागरिकत्व, आणि वर्षभरात थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात, विषय कुठला तर अफगाणिस्तान. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीला वर्षभर दागिन्यांच्या कपाटाची किल्ली देत नाहीत आणि इथे या माणसाला त्याच्या माहेरच्या युद्धाची फाइल हातात दिली.

गंमत म्हणजे त्याच एक्स्चेंज स्कीममधून त्याच सुमाराला आणखी एक अफगाण मुलगा अमेरिकेत गेला होता, अश्रफ घनी. तोसुद्धा पुढे बेरूतला त्याच विद्यापीठात, त्यालाही बायको बेरूतमध्येच भेटली (खलिलझादलाही), त्यानेही अमेरिकेत पीएचडी केली, तोही अमेरिकन नागरिक झाला. दोघांच्या पत्रिका एकाच गुरुजींनी केल्यासारख्या. फरक एवढाच की घनीने २००९ च्या निवडणुकीसाठी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं आणि पुढे २०१४ ला अफगाणिस्तानचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि खलिलझादने ते ठेवलं आणि तो त्याच राष्ट्राध्यक्षाकडे अमेरिकेचा निरोप्या म्हणून यायला लागला. या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. एका वर्गातल्या पहिल्या दोन नंबरांचं कधी पटलंय का.

आता इथे आमच्या दादाची गोष्ट सांगते, विषयांतर वाटेल पण नाहीये.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, १९९४ ला न्यू जर्सीला गेला, आता तिकडचाच, पासपोर्ट तिकडचा, इकडे येताना ओसीआय कार्ड. माणूस सोन्यासारखा आहे हे आधीच सांगते कारण तो हे वाचणार आहे. तर साताऱ्याकडे आमच्या गावाला विहिरीशेजारी एक बांध आहे. दीड फूट रुंदीचा वाद. एका बाजूला आमचे काका, दुसऱ्या बाजूला चुलत चुलते. मोजणीचा अर्ज दोघांपैकी एकानेही कधी केला नाही कारण मोजणीत काय निघेल याची भीती दोघांनाही सारखीच. २०१८ च्या डिसेंबरात दादा तीन आठवडे आला आणि म्हणाला मी मिटवतो. मी दोघांनाही लहानपणापासून ओळखतो. आणि खरंच ओळखतो, कोणाला मान दिला की विरघळतो, कोणाला आधी चहा मागायचा, कोणाच्या बायकोच्या हातच्या भाकरीची तारीफ करायची, सगळं पाठ. दोन्ही घरी चॉकलेटच्या पिशव्या पोचल्या. आंब्याखाली तीन बैठका झाल्या. शेवटी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलं, बांध पूर्वीप्रमाणे राहील. सह्या झाल्या, पेढे वाटले, फॅमिली ग्रुपवर फोटो पडला, त्यावर बावन्न जणांनी हात जोडले.

'पूर्वीप्रमाणे' म्हणजे कधीच्या पूर्वीप्रमाणे हे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सही झालीच नसती, आणि दादाचं फ्लाइट चार जानेवारीचं होतं.

गुढीपाडव्याच्या आत दगड हलले होते.

हे डोक्यात ठेवून खलिलझादकडे परत येऊ.

१९९० च्या दशकात तो सरकारबाहेर होता, रँड नावाच्या थिंक टँकमध्ये, आणि मध्ये एका सल्लागार कंपनीमार्फत युनोकॅल या तेल कंपनीसाठीही काम केलं. युनोकॅलला तुर्कमेनिस्तानचा गॅस अफगाणिस्तानातून पाइपने पाकिस्तानात न्यायचा होता (हीच पाइपलाइन पुढे तापी म्हणून भारतापर्यंत येणार होती, ती अजून येतेच आहे). सप्टेंबर १९९६ ला तालिबानने काबूल घेतलं आणि पुढच्याच महिन्यात याने वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला की अमेरिकेने तालिबानशी बोलावं, हे लोक इराणसारखे अमेरिकाविरोधी नाहीत. मग १९९८ ला आफ्रिकेतल्या अमेरिकन दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले, बिन लादेन तालिबानचा पाहुणा, आणि २००० पर्यंत हाच माणूस लिहायला लागला की तालिबान धोकादायक आहे, यांना आवरा. २००१ ला त्यांना हटवणाऱ्या सरकारचा तो व्हाइट हाउसमधला अफगाणिस्तानचा माणूस. आणि २०२० ला त्यांच्याच शेजारी बसून सही. काही लोक याला संधिसाधूपणा म्हणतात. मला नाही तसं वाटत. त्याचं मत तेव्हापासून एकच आहे, की ज्याच्या हातात बंदूक आणि जमीन आहे त्याच्याशी बोलायचं, बाकी सगळं नंतर. हातात कोणाच्या आहे ते बदलत गेलं तसा तो खुर्ची फिरवत गेला.

डिसेंबर २००१ ला जर्मनीत बॉन इथे नव्या अफगाणिस्तानचा आराखडा ठरला, तिथे तो होता. तालिबान तिथे नव्हते, हरलेल्यांना कोण बोलावणार. संयुक्त राष्ट्रांचे लखदर ब्राहिमी, ज्यांनी ती परिषद चालवली, त्यांनी पुढे उघडपणे मान्य केलं की ती चूक होती. मग जून २००२ ला काबूलमध्ये लोया जिर्गा, म्हणजे देशभरच्या टोळीप्रमुखांची, वडीलधाऱ्यांची महासभा. म्हातारा राजा झाहीर शाह २९ वर्षं रोममध्ये काढून नुकताच परतला होता आणि बऱ्याच प्रतिनिधींना वाटत होतं राजाच प्रमुख व्हावा. जिर्गाचं उद्घाटन एक दिवस पुढे ढकललं, आणि राजाच्या तोंडून काही यायच्या आधी प्रेससमोर येऊन सांगितलं कोणी की राजेसाहेब उमेदवार नाहीत? खलिलझादने. अमेरिकेच्या दूताने. इतिहासात वाचलेलं आठवलं, गादीवर कोण बसणार हे इंग्रजांचे रेसिडेंटसाहेब ठरवायचे आणि दरबारात मुजरे मात्र राजाला.

२००३ च्या शेवटी तो अमेरिकेचा राजदूत म्हणून काबूलला राहायलाच आला. मला वाटतं हा त्याचा सगळ्यात चांगला काळ, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. इतर राजदूत दुभाष्याच्या तोंडाकडे बघत बसतात, हा दरी आणि पश्तू या तिथल्या दोन्ही मुख्य भाषा बोलणारा. नव्या घटनेसाठी ५०२ प्रतिनिधी तंबूत तीन आठवडे भांडत होते, आणि शेवटी गाडं अडलं कशावर तर भाषेवर. पश्तूनांना पश्तूचा मान हवा, उझबेकांना त्यांच्या भाषेची नोंद हवी. आपल्याकडच्या लोकांना हे लगेच कळेल, बेळगाव म्हटलं की आपलंही रक्त तापतंच. त्यावेळी खलिलझाद आणि ब्राहिमी या गटाकडून त्या गटाकडे फिरत राहिले, आणि ४ जानेवारी २००४ ला तोडगा निघाला: राष्ट्रगीत पश्तूतच, पण जिथे उझबेक, तुर्कमेन वगैरे बहुसंख्य तिथे त्यांची भाषा तिसरी राजभाषा. दुभाष्याच्या भरवशावर असलेल्या माणसाला हे जमलं नसतं. एखादा शब्द उच्चारताना समोरच्याच्या कपाळावर आठी पडते ती दिसायला ती भाषा आतून यावी लागते.

हेरातचा इस्माईल खान, स्वतःची फौज, स्वतःचा जकात नाका असलेला सरदार, त्याला सप्टेंबर २००४ मध्ये गव्हर्नरपदावरून हलवलं आणि पुढे काबूलला आणून ऊर्जामंत्री केलं. त्या सगळ्या समजुतीतही खलिलझादचा हात होता. सरदाराला मारायचं नाही, पाडायचं नाही, मान राखून वर सरकवायचं. आमच्या सहकारी कारखान्यांच्या राजकारणातल्या कोणालाही ही पद्धत नवी वाटणार नाही.

पण त्याच वेळी काबूलमध्ये त्याला लोक व्हाइसरॉय म्हणायला लागले होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष करझाई, त्यांच्या राजवाड्यात त्याची एवढी ऊठबस की काही अडलं तर लोक मंत्र्याकडे न जाता त्याच्याकडे जायचे. मला इथे दादाच्या आंब्याखालच्या बैठका दिसतात. प्रत्येक भांडण एका माणसाच्या ओळखीवर मिटलं, कुठलंच भांडण मोजणीच्या टेबलावर मिटलं नाही, म्हणून तो माणूस विमानात बसला की ओळखही विमानात बसली. जून २००५ ला त्याची बदली झाली. बगदादला.

बगदादचं थोडक्यात सांगते कारण ते प्रकरण मला एवढं कळत नाही. तिथे तो जन्माने सुन्नी मुसलमान असलेला अमेरिकन, आणि सगळं भांडण शिया-सुन्नी. ऑक्टोबर २००५ ला घटनेवर सार्वमत होतं, सुन्नी नाही म्हणायच्या मूडमध्ये, याने अगदी शेवटच्या दिवसांत असं जुळवलं की आत्ता हो म्हणा, निवडणुकीनंतर दुरुस्त्या करता येतील. एक सुन्नी पक्ष आला. मग २२ फेब्रुवारी २००६ ला समाराच्या शिया दर्ग्याचा सोन्याचा घुमट उडवला आणि रस्त्यावर कापाकापी सुरू झाली, कागद कागदाच्या जागी राहिला. शिया पुढारी त्याला मागे 'अबू उमर' म्हणायचे, म्हणजे हा सुन्न्यांचा. काबूलमध्ये ताजिक, हजारा म्हणत हा पश्तूनांचा. वॉशिंग्टनमध्ये काही म्हणत असतील हा त्यांचा. देशांतर केलेल्या माणसाची ही कायमची भानगड, तो काहीही करो, लोक आधी त्याची जात काढतात. हे मात्र मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटतं. दादाला तिकडे अजून 'तू मूळचा कुठला' विचारतात आणि इकडे 'तुम्हा अमेरिकावाल्यांना काय कळणार' म्हणतात, तीस वर्षं झाली तरी.

पुढे दोनेक वर्षं संयुक्त राष्ट्रांत राजदूत, मग खाजगी सल्लागारी, मग आत्मचरित्र. आणि सप्टेंबर २०१८ ला ट्रम्प सरकारने परत बोलावलं: तालिबानशी बोलणी कर.

एक गोष्ट मान्य करायला हवी, तोपर्यंत अमेरिकेने निघायचं मनात पक्कं केलंच होतं. समोरच्याला कळलेलं असतं की पाहुण्याची बॅग भरून दारात ठेवलीय, तेव्हा घासाघीस काय करणार. बरादरला २०१० ला कराचीत पकडून पाकिस्तानने आठ वर्षं डांबून ठेवलं होतं, तो अमेरिकेच्याच सांगण्यावरून ऑक्टोबर २०१८ ला सुटला, का तर टेबलावर समोर कोणीतरी वजनदार हवा. बैठका सुरू झाल्या. जानेवारी २०१९ ला खलिलझादने ट्विट केलं होतं की सगळं ठरल्याशिवाय काहीच ठरलं असं समजू नका, आणि त्या सगळ्यात अफगाणांची आपसातली चर्चा आणि पूर्ण शस्त्रसंधी हे दोन्ही आलं. हे वाक्य लक्षात ठेवा. मार्च २०१९ ला घनींचा सुरक्षा सल्लागार हमदुल्ला मोहिब वॉशिंग्टनला जाऊन पत्रकारांसमोर बोलला की या माणसाला व्हाइसरॉय व्हायचंय की काय. त्याच्याशी अमेरिकन अधिकाऱ्यांनी बोलणंच बंद केलं. सप्टेंबरमध्ये कराराचा मसुदा घनींना दाखवला गेला. दाखवला, त्यांच्या हातात ठेवला नाही. आपल्याच देशाचा कागद, वाचायचा आणि परत द्यायचा. मग ट्रम्पने अचानक ट्विट करून सगळं रद्द केलं, मग परत सुरू झालं, आणि मग तो शनिवार.

मी तो करार वाचलाय. जेमतेम चार पानं आहेत, नेटवर आहे. गावाकडच्या कागदात असतं ना, 'लिहून देणार' अमुक आणि 'लिहून घेणार' तमुक, तसं बघायला गेलं तर लिहून देणार अमेरिका, लिहून घेणार तालिबान, आणि जमीन तिसऱ्याची. तो तिसरा, म्हणजे काबूलचं सरकार, कागदावर कुठेच सही करत नाही. तालिबानचा उल्लेख करताना दर वेळी एक भलंमोठं वाक्य येतं: इस्लामिक अमिरात ऑफ अफगाणिस्तान, जिला अमेरिका राज्य म्हणून मान्यता देत नाही आणि जी तालिबान म्हणून ओळखली जाते. पुन्हा पुन्हा, पूर्णच्या पूर्ण. मला हे वाक्य भयंकर आवडतं. एका वाक्यात त्यांना अमिरातही म्हटलं आणि म्हटलं नाहीही. दोघांनी आपापला अर्धा भाग घरी जाऊन वाचायचा.

मजकूर असा: अमेरिका १३५ दिवसांत सैन्य ८,६०० वर आणेल, १४ महिन्यांत सगळं नेईल. तालिबान अफगाण भूमीवरून अमेरिकेला धोका होऊ देणार नाही. १० मार्चला अफगाणांची आपसातली चर्चा सुरू होईल, आणि त्या दिवसापर्यंत तालिबानचे ५,००० पर्यंत कैदी सुटतील. कोणाच्या तुरुंगातले? काबूल सरकारच्या. ज्याची सही नाही. आणि शस्त्रसंधी? तर कायमस्वरूपी शस्त्रसंधी हा त्या चर्चेच्या अजेंड्यावरचा एक विषय असेल. विषय असेल! सगळं ठरल्याशिवाय काहीच नाही, ते हे.

आणि खरी मेख पुढे आहे. त्याच दिवशी, त्याच शनिवारी, काबूलमध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री घनींबरोबर दुसरा एक कागद जाहीर करत होता. त्यात कैद्यांचा आकडाच नाही. त्यात म्हटलंय की कैदी सोडणं शक्य आहे का यावर चर्चा करू. एकच विषय, एकच दिवस, एकाला सांगितलं पाच हजार सोडणार, दुसऱ्याला सांगितलं बघू. दुसऱ्याच दिवशी घनी म्हणाले मी असं काही कबूल केलेलं नाही. लग्नं जुळवणारे मध्यस्थ असतात ना, मुलाकडे सांगतात मुलगी नोकरी सोडायला तयार आहे, मुलीकडे सांगतात मुलाची काही अट नाही, एकदा मांडवात उभे राहिले की होईल सगळं नीट. दहातल्या सहा वेळा होतंही म्हणे. पण इथे मांडवाखाली चार कोटी माणसं होती.

चर्चा मार्चऐवजी १२ सप्टेंबरला सुरू झाली, कैदी तोपर्यंत सुटले होते, ते सुटल्यावर तालिबानला घाई कसली. एप्रिल २०२१ ला बायडनने सांगितलं आम्ही सप्टेंबरपर्यंत निघतो, अटी-शर्ती काही नाही. १४ ऑगस्टला मजार पडलं. १५ ला काबूल, आणि घनी देश सोडून गेले. खलिलझादने ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला आणि नंतरच्या मुलाखतींत त्याचं म्हणणं साधारण असं की करार अटींवर बांधलेला होता, अट पाळली का ते न बघता तारखेवर निघालात, आणि घनी पळाले नसते तर काबूलबाहेर थांबायचं तालिबानने कबूल केलं होतं. यातलं काही खोटं असेल असं मला वाटत नाही. बांध हलल्यावर दादाने पण फोनवर हेच सांगितलं होतं, "माझ्या कागदात चूक नव्हती, यांनी पाळला नाही."

आमच्या आईचं मत सरळ आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी ही म्हण मजारच्या पोराला हिंदीत करून सांगितली होती, २०२० मध्येच, लॉकडाऊनमध्ये गच्चीवर. त्याचा काबूलचा रूममेट खूश झाला, अगदी बरोबर म्हणाला, गद्दार आहे तो. हा मात्र हिरव्या चहात वेलची टाकून ढवळत बसला होता, म्हणाला, "गद्दार वो होता है जो अपना हो. ये तो मेहमान है, ताई." मला तेव्हा हे त्याने गुळमुळीत उत्तर दिलंय असं वाटलं होतं. आता नाही वाटत. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे, त्यांना दिल्लीतली गल्लीन् गल्ली माहीत होती, कोणता वजीर कोणावर रुसलाय सगळं माहीत, पण पत्रं जायची पुण्याला आणि मीठ पुण्याचं. दिल्लीकरांनी त्यांना दिल्लीचे समजावं अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. खलिलझादचं मीठ वॉशिंग्टनचं आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. पण तो काबूलच्या दिवाणखान्यात दरीत बोलायचा, वडीलधाऱ्यांची चौकशी करायचा, आणि समोरच्या माणसाला वाटायचं आपलाच आहे, आपल्याला वाऱ्यावर नाही सोडणार. हा गैरसमज त्याने दूर केला नाही. का करेल, त्याच्याच तर जोरावर त्याची कामं व्हायची. माझा राग आहे तो या एका गोष्टीवर आहे, सहीवर नाही. सही कोणीतरी केलीच असती.

मे २०२० मध्ये तो दिल्लीला पण येऊन गेला, भर कोविडमध्ये, आणि भारताला जाहीर सल्ला देऊन गेला की तुम्हीही तालिबानशी थेट बोला. तेव्हा आपल्याकडे भुवया वर गेल्या, १९९९ चं कंदाहार आपण विसरलो नव्हतो. पुढे ३१ ऑगस्ट २०२१ ला आपल्या राजदूतांनी दोहात तालिबानच्या स्तानिकझाईची भेट घेतली (हा गडी १९८२ च्या सुमाराला डेहराडूनच्या आपल्या मिलिटरी अकॅडमीत शिकलेला), आणि ऑक्टोबर २०२५ ला तर त्यांचा परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत रीतसर पाहुणा. म्हणजे सल्ला बरोबर निघाला म्हणायचा का? ज्याच्या हातात जमीन त्याच्याशी बोलायचं हे धरलं तर हो. त्या जमिनीवर सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही हे धरलं तर, असो.

आणि तो थकलेलाही नाही. मार्च २०२५ मध्ये पंचाहत्तरीकडे आलेला खलिलझाद ट्रम्पच्या दूताबरोबर परत काबूलला गेला, सरकारी पद काही नाही, आणि दोन वर्षांहून जास्त डांबलेल्या एका अमेरिकन माणसाला सोडवून घेऊन आला. फोटोत समोर मुत्तकी, मध्ये चहा.

मजारचा पोरगा २०२१ च्या जुलैत आईला भेटायला म्हणून घरी गेला होता. खालच्या फ्लॅटमध्ये त्याची सायकल, प्रेशर कुकर आणि दोन ब्लँकेट तशीच. चार महिने त्याचा पत्ता नव्हता, मग इराणमधून एक मेसेज, मग तुर्कस्तान, आणि आता तो हॅम्बुर्गला आहे. सकाळी पार्सल वाटतो, आणि आठवड्यातून दोनदा दुभाष्या म्हणून जातो, नव्याने आलेल्या अफगाणांच्या मुलाखतींना, दरी टू जर्मन. गेल्या महिन्यात बोलला तेव्हा सांगत होता की जर्मन अधिकाऱ्याला संशय असतो की हा आपल्या लोकांना सांभाळून घेतोय, आणि समोरच्या म्हाताऱ्याला संशय असतो की हा पूर्ण सांगत नाहीये. मी विचारलं मग तू काय करतोस. म्हणाला, "जो बोला वही बोलता हूँ, ताई. फिर भी दोनों मुझे ही देखते हैं." मग त्याने कुकरची चौकशी केली. कुकर आता आमच्याकडे आहे, शिट्टी बदलली.

दादा या डिसेंबरात येतोय. बांधाचं यावेळी कायमचं मिटवून टाकतो म्हणालाय. काल गावाला काकूला फोन करून सांगितलं तर ती बरं म्हणाली, खूश झाली, आणि मग विचारते, परतीचं तिकीट कधीचं आहे गं त्याचं.